गव्हाणीचा नियम

उदारामने गव्हाणीच्या तळाशी हात फिरवला. ढेपेचा एक कणही बोटांना लागला नाही. लाखन आणि तुफान, दोन्ही बैलांनी चाटून पुसून संपवले होते. ताप नाही ना, हे त्याने दोघांच्या कानांच्या मुळाशी बोटे धरून पाहिले आणि बायकोला, सुशिलाबाईला, मोठ्याने सांगितले, जोडी तयार आहे.

दुपारी शेजारच्या गावी शंकरपट होता, बैलजोड्यांची शर्यत. पाच वर्षांपूर्वी गोऱ्हे म्हणून आणलेली ही जोडी आज पहिल्यांदाच मोठ्या गटात धावणार होती. त्यांच्या केशोरी गावातून सकाळपासून ट्रॅक्टर भरभरून निघाले होते. भोंग्याचा आवाज शेतांवरून येई, आणि तो आला की तुफान खूर आपटी.

बैलांच्या बाबतीत उदाराम फार काटेकोर. एक दिवस पळवले की दोन दिवस आराम. आणि ज्याने गव्हाणीत चारा शिल्लक ठेवला, त्याला त्या दिवशी जुंपायचे नाही. तीन वर्षांपूर्वी या नियमापायी त्याने तुफानला ऐन पटावरून परत आणले होते. लोक हसले. शेजारचा दुलीचंद तर अजूनही भेटला की विचारी, बैल जेवले काय?

स्वतः उदाराम मात्र पंधरा दिवसांत धड बसला नव्हता. सकाळी धान खरेदी केंद्रावर पोती मोजायला, दुपारी पटाच्या मंडपाला, तिथून पुतणीच्या लग्नपत्रिका वाटायला. जो बोलावील त्याला हो. त्यातच आपल्याला आनंद आहे, असे तो म्हणे, आणि ते अगदी खोटेही नसावे.

सुशिलाबाईने ताट वाढले. भात, वरण, वांग्याची भाजी. दोन घास घेऊन तो उठला आणि फेटा बांधू लागला. तिने ताटाकडे पाहिले. मग अंगणात जाऊन धाकट्या दिराला, कैलाशला, आत बोलावले. सरावाला जोडी बरेचदा तोच हाकत असे.

“कैलाशभाऊ, आज कासरा तुमी धरा.”

उदारामचे हात फेट्यातच थांबले.

“काऊन?”

तिने ताट उचलून त्याच्यासमोर धरले.

“हे पाहा. काल सांजीले बी असंच, परवा बी असंच. बैलाले एक कायदा आन तुमाले दुसरा काय जी?”

“पाच वर्सं वाट पायली मी.”

“मनूनच सांगून रायली.”

तो पुन्हा ताटावर बसला. तिसरा घास तोंडात नुसताच फिरत राहिला. त्याने ताट बाजूला सारले.

मग उदारामने फेटा सोडला आणि भावाच्या हाती दिला.

“सुरुवातीलेच ओरडू नोको. सारी ताकद पयलेच मांगू नोको त्याइले. अर्ध्यावर गेल्यावर बोल.”

सुशिलाबाईने ताटातले जेवण डब्यात भरून सोबत घेतले.

पटावर धूळ आणि माणसे यांत फरक उरला नव्हता. उदाराम शेवटच्या टोकाला, दोरीपाशी उभा राहिला. वीस वर्षे त्याने बैल हाकले होते, पण नेहमी मागून. पाठी, शेपट्या आणि धूळ, एवढेच त्याच्या वाट्याला आले होते.

झेंडी पडली. जोडी त्याच्याच दिशेने निघाली.

आधी शिंगे दिसली, मग गुलालाने माखलेली कपाळे, मग फुललेल्या नाकपुड्या. अर्ध्या वाटेवर कैलाशने हाक दिली आणि दोघेही जमिनीवरून उचलल्यासारखे झाले. धावताना लाखन मान किंचित तुफानकडे झुकवतो, जणू त्याच्या कानात काही सांगतो. हे उदारामला ठाऊकच नव्हते. तो ओरडू लागला. काय ओरडतो आहे हे त्याचे त्यालाही कळत नव्हते. छकडा वाऱ्यासारखा समोरून गेला, गर्दी उसळली आणि भोंग्यावर सांगितलेले सेकंद त्या गलक्यात बुडून गेले.

धुळीतून दुलीचंद हसत आला.

“काय उदाराम, बैल जेवले काय?”

“जेवले,” उदाराम म्हणाला. त्याचा आवाज पार बसला होता. त्याने शेजारी उभ्या सुशिलाबाईच्या काखेतल्या डब्याकडे हात पुढे केला. “मीच रायलो होतो.”