बिनश्रीचं पत्र

वेंकटची दोन बोटं प्रेसखाली गेली त्या दिवशी मालकाने आधी प्रेस पुसून घेतली, मग रिक्षा बोलावली.

गिंडीच्या त्या कारखान्यात मी तयार माल तपासतो. मूळचा मिरजेचा, अख्ख्या युनिटात मराठी एकटाच, बाकी बहुतेक तमिळ. प्रेसपुढची संरक्षक जाळी मालकानेच काढायला लावली होती. का, तर जाळी असली की हात सावकाश चालतो. वेंकट दवाखान्यात, आणि बाकीच्या चार प्रेस तशाच उघड्या धडधडत होत्या. मी मोबाइलवर फोटो काढले. एका वर्तमानपत्राने निनावी माहितीसाठी इंटरनेटवर गुप्त पेटी ठेवली होती, तिथे पाठवायचं ठरवलं. नाव फुटलं तर नोकरी जाणारच. शिवाय हा मालक माणसं पाठवून हाडं मोडून घेतो, हेही सगळ्यांना ठाऊक.

मी अण्णा नगरात राघोत्तमरावांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. तंजावरकडचं मराठी घर. त्यांची मुलगी श्रीविद्या शोळिंगनल्लूरला नेटवर्क सुरक्षेचं काम करते. रविवारी सकाळी तिला विचारलं, "व्हीपीएन घेतलाय. कारखान्याच्या वायफायवरून पाठवू ना?"

"अय्यो उमाकांतराव! मालकाच्या घरांत चोरी, आणि शिडी पण मालकाचीच?"

कंप्युटरवाल्यांवर माझा राग आहे. सोपं सांगितलं तर आपला भाव उतरतो, असं वाटतं त्यांना. ही तसली नव्हे. कॉफीचा डवरा, ती पसरट वाटी, बाजूला सारून तिने स्वतःचा जुना लॅपटॉप पुढे ओढला.

"व्हीपीएन लावलं की आमच्या नेटवाल्याला तुम्ही कुठे चाललांत ते दिसत नाही. पण व्हीपीएनच्या कंपनीला दिसतंय. तिने वही उघडून दाखवली तर?"

"तर मेलो."

"सुम्मा, उगीच मरूं नोका. व्हीपीएन आधी चालू करायचं, मग त्याच्या आंत टॉर. टॉर तीन अनोळखी मशीनींतून नेतो. कंपनीला कळतं तुम्ही टॉरवर गेलांत, पुढचं नाही. पहिल्या मशीनीला कंपनीचाच पत्ता दिसतो, तुमचा नाही. शेवटाला पोचतं त्याला तुम्ही कोण ते ठाऊक नाही. आणि याने सगळं झांकतं म्हणून कोणी सांगितलं, तर तो थापाड्या."

फोटोंत दडलेली फोनची आणि जागेची माहिती तिने पुसून टाकली. मग माझं इंग्रजीत टाइप केलेलं पत्र वाचायला घेतलं आणि पहिल्याच ओळीवर थांबली.

"वर हे काय?"

मधोमध, देवनागरीत: श्री.

"लिहायला बसलं की आधी श्री. किराण्याच्या यादीवरसुद्धा लिहितो आम्ही."

"आमचे अप्पा पण लिहितात. तुमच्या युनिटांत कोण लिहितो?"

एवढा खटाटोप करून मी आपल्या हाताने सही ठोकली होती! घाईघाईने म्हटलं, "मग पिळ्ळैयार सुळी टाकू. तमिळ लोक कागदाच्या डोक्यावर गणपतीची ती खूण काढतात."

तिने लॅपटॉप फाडकन मिटला.

"म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी धरूं दे? त्याची हाडं लाकडाची काय? लपायचं तर लपा. दुसऱ्याच्या पाठी लपायचं असेल तर उठा इथून."

माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान पोरगी. मी लॅपटॉप पुन्हा उघडला. श्री खोडला, वरची जागा कोरी ठेवली, आणि पत्र गेलं.

बातमी छापून आली, सरकारी तपासनीस आले. मालकाने माणूस आणून तीन दिवस वायफायच्या नोंदी उकरल्या. हाती काय लागलं? सुपरवायझरची क्रिकेटवरची सट्टेबाजी. आम्हा प्रत्येकाला केबिनमध्ये बोलावून मालकाने आईवरून शिव्या घातल्या, माझ्यासकट. कोणाचंही नाव निघालं नाही.

पाचही प्रेसना जाळ्या बसल्या. वेंकट कामावर परतला, उरलेल्या बोटांनी जाळी हलवून बघितली.

"हे ज्याने केलं ना," तो म्हणाला, "त्याला घरी नेऊन पोटभर जेवायला घालीन. कोण असेल रे?"

श्रीविद्याचं नाव अगदी जिभेवर आलं होतं.

"मला काय माहीत," मी म्हटलं, आणि पुढचा नग तपासायला उचलला.