सत्यतीर्थ आणि गणपतीअण्णांचं कोनफळ

रामनगरजवळच्या त्या वाडीत देवळापुढं मुंगीला शिरायला जागा नव्हती. शुभ्रानंद महाराजांच्या हातात काचेचा पेला, पेल्यात नितळ 'सत्यतीर्थ'.

"खऱ्याची फुंकर नितळ, चोराची फुंकर दुधाळ! ॐ फट्!"

चेल्यानं पपईच्या देठाची नळी घालून पेल्यात फुंकलं. पाणी नितळच राहिलं. लोकांनी पटापट हात जोडले.

"आता फुलाक्का," महाराजांनी बाटलीतून दुसरा पेला भरला.

फुला पुढं आली. जोयड्याच्या कंदमेळ्यात मांडायला गणपतीअण्णांनी जपलेलं भलंमोठं कोनफळ परवा नाहीसं झालं होतं, आणि शेजारीण म्हणून संशय हिच्यावर. तिनं फुंकलं. बुडबुड, बुडबुड... आणि अगं आई गं, पाणी दुधागत पांढरं!

"हीच चोर!" गणपतीअण्णा ओरडले. "उद्या मेळ्यात हिचे कंद मांडू द्यायचे न्हाईत!"

वर्षभर मातीत राबून काढलेले कंद! फुलाला रडूच फुटलं. "देवाशप्पथ, म्या हात लावला न्हाई वो!"

तेवढ्यात शाळेतल्या मनीषाबाई पुढं आल्या. "महाराज, याच बाटलीतलं तीर्थ अण्णांना द्या की. ते तर मालक!"

"तीर्थ आता दमलंय," महाराज पुटपुटले. पण बाईंनी पेला भरलासुद्धा. अण्णांनी छाती फुगवून फुंकलं, आणि पाणी पांढरंफटक!

"अण्णांनी आपलंच कोनफळ चोरलं व्हय?" फुला रडता रडता हसली.

"यातून चोर कळतच नाही," बाई म्हणाल्या. "पानाचा चुना पाण्यात कालवायचा. गाळ खाली बसला की वरची निवळी साध्या पाण्यासारखी दिसते. आपल्या सगळ्यांच्या श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. तो निवळीतल्या चुन्याला भेटला की चुनखडीची बारीक पूड होते, म्हणून पाणी पांढरं. चेल्याच्या पेल्यात मात्र नुसतं पाणी होतं."

"मग माझं कोनफळ गेलं कुठं?"

अण्णांची बायको अनुसया तोंडाला पदर लावून पुढं आली. "परवा महाराज जेवायला आले, तुमीच म्हणालात, घरात चांगलं असंल ते कर. त्याचीच भाजी केली. महाराजांनी तीनदा मागून घेतली, तुमी बोटं चाटलीत! मग तुमचा आरडाओरडा बघून माझी जीभच उचलंना."

महाराजांनी बेळगावची बस गाठली, बाटली तिथंच टाकून. अण्णांनी मान खाली घालून फुलाचे कंद मेळ्यासाठी आपल्याच गाडीत चढवले.

तेव्हा बाबांनो, कुणी चमत्कार दाखवला तर पेला बदलून बघा. आणि शेजारणीला चोर म्हणायच्या आधी आपल्या स्वयंपाकघरात एकदा विचारा.