गुडघा सोडून

शालिकरामच्या डाव्या अंगावरून वारं गेल्याला चौथा महिना लागला होता. एवढ्या दिवसांत अकोटातल्या त्यांच्या घरी कोण कोण येऊन गेलं, यापेक्षा कोणी कोणतं तेल आणलं, हे त्याच्या बायकोला, दुर्गाबाईला, पक्कं पाठ होतं. नणंदेनं मोहरीचं, शेजारच्या पार्बताबाईनं एरंडीचं, आणि पुतण्या अश्विननं नाव नसलेलं काळंकुट्ट. मदतीचा हात मात्र एकाही बाटलीसोबत आला नव्हता.

खाटेपासून संडासापर्यंत अकरा पावलं. ती शालिकराम तिच्या खांद्यावर भार टाकून चालायचा. डावं पाऊल टेकलं की गुडघा मागं झटका खायचा आणि सगळं वजन तिच्या अंगावर. सोमवारी तिची रजा संपत होती. शाळेत खिचडी शिजवायला ती गेली नाही, तर हेडमास्तर दुसरी बाई ठेवणार होते. म्हणजे तोवर या माणसानं एकट्यानं जायला हवं होतं.

व्यायाम शिकवणाऱ्या गीतांजली मॅडमनी बुधवारी गुडघ्याला निळी चिकटपट्टी लावली. शुक्रवारी येऊन पाहतात तर ती लोंबत होती.

“मागच्या आठवड्यातही असंच. मावशी, तेल लावता का?”

“नाही बाप्पा.”

“लावते! रोज सकाळी लावते,” शालिकराम खाटेवरून म्हणाला. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होता; विनातिकीट माणूस त्याला अजून खपत नव्हता.

“न लावू त काय करू? लकवा झाला अन् बायकोनं तेलबी नाही लावलं, असं म्हणतीन लोकं!”

“लोकं चालणार आहेत का यांच्यासाठी?” मॅडम साबणानं गुडघा पुसत म्हणाल्या. “पट्टी भार उचलत नाही, मावशी. गुडघा मागं जायला लागला की कातडी ओढते, त्याला आठवण करून देते. पण चिकटली तर ना! बाकी अंगाला लावा तेल. गुडघा सोडून.” त्यांनी कोरड्या गुडघ्यावर नवी पट्टी चिकटवली.

शनिवारी पार्बताबाई बाटली घेऊन शालिकरामच्या पायाशी बसलीच.

“लाव माय. गुडघा सोडून,” दुर्गाबाई म्हणाली.

“अवं, रोग त गुडघ्यातच हाय न!”

“राहू दे तिथंच.”

दुर्गाबाईचा आवाज इतका थकलेला होता, की पार्बताबाईनं वाद न घालता पोटऱ्या चोळल्या.

रविवारी दुपारी शालिकराम उजव्या हातानं भिंत धरून उठला. दुर्गाबाई मुद्दाम बसून राहिली. सातव्या पावलाला गुडघा मागं गेला, अडला, परत आला. अकराव्याला संडासाचं दार आलं. इतक्या महिन्यांनी तिचा खांदा रिकामा होता, आणि आत्ताच तो जास्त ठणकायला लागला. तिनं डोळे मिटले.

“दुर्गे!”

“आता काय?”

“एका हातानं नाडा सुटून नाही राहिला!”

ती उठली, नाडा सोडून आली. मग तिनं शिवणाच्या डब्यातून इलॅस्टिक काढलं, सेफ्टी पिनेत अडकवलं आणि दोरीवरचे त्याचे तिन्ही पायजमे मांडीवर ओढले. सोमवार उजाडायला अजून एक संध्याकाळ होती.