खंदकातलं पाणी

इतिहास लिहिणाऱ्या बाई आल्या तेव्हा म्हातारा माळी खिडकीशी बसला होता. नजर अधू झाली होती, कान मात्र शाबूत होते. पाडून टाकलेल्या भुईकोटाबद्दलचं आपलं टिपण बाईंनी त्याला वाचून दाखवलं. "दुष्काळात खंदक आटला आणि बागा वाळल्या. पुढे तटाचे दगड विकले गेले."

"दुष्काळ कसला?" माळी म्हणाला. "खंदक काठोकाठ भरला होता. पाणी सोडायची झडप मी उघडली."

शेजारी भाजी निवडत बसलेली लेक चपापली. "बाबा, कशाला उकरून काढता?"

पण तो सांगतच राहिला. कोटाच्या धाकट्या मालकांना तटाचा दगड विकायचा होता. पायापर्यंत पोचायचं तर खंदक रिकामा हवा. बाग त्या ओलाव्यावरच जगते, हे त्याने हात जोडून सांगितलं. "बाग हवी की राहायची खोली?" एवढंच मालकांनी विचारलं.

"तू पोटात होतीस," तो लेकीकडे वळून म्हणाला. "मी चाक फिरवलं."

दोन दिवस पाणी वाहत होतं. तिसऱ्या दिवशी चिखलात मासे तडफडले. पुढचे दोन उन्हाळे त्याने लांबच्या विहिरीवरून बादल्या वाहिल्या, हाताची सालटी निघाली. तरी आधी गुलाब गेले, मग डाळिंबं, शेवटी कमानीवरची जाई. तट पडल्यावर त्याला टेकलेली खोली तरी कुठून राहणार!

"हे लिहा. दुष्काळावर ढकलू नका."

बाईंनी सगळं लिहून घेतलं. लेक त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेली. "ताई, हे छापू नका. लोक नावं ठेवतील त्यांना."

"त्यांनाच हवंय ते."

"मग माझ्यासाठी म्हणून."

बाईंनी वही पिशवीत टाकली. "बरं, नाही छापत," त्या म्हणाल्या.

वर्षभराने पुस्तक आलं. लेकीने वाचायला घेतलं. "दुष्काळात खंदक आटला..."

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं.

"मी सांगितलेलं?"

"नाही घेतलं त्यांनी."

"खोटं वाटलं असेल," माळी पुटपुटला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

खरं काय ते लेकीच्या ओठांवर आलं आणि तिथेच थिजलं. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता थंडीत तो गेला.

तिने बाईंना पत्र लिहिलं, आता तरी घाला म्हणून. उत्तर लगेच आलं. प्रती अजून पडून आहेत, दुसरी आवृत्ती निघेलसं वाटत नाही.