दिव्याआडची शेवंती

माझ्या वडिलांची शेवंती हिंदू आहे, असं शिरूरच्या मिशन कंपाउंडात सगळे म्हणायचे. दिवाळीला बघावं तर पांढऱ्या फुलांनी वाकलेली, आणि नाताळ येईतो नुसत्या वाळक्या काड्या. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, येशुदासांनी, पस्तीस वर्षं त्या कंपाउंडात माळीकाम केलं. पस्तीस दिवाळ्यांना गावानं त्यांची फुलं पूजेला नेली, आणि पस्तीस नाताळांना आबांनी आपल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आंब्याचे टहाळे बांधले. कुणी चिडवलं की ते हसायचे. मला मात्र राग यायचा. मी मुळातच रागीट. कृपा तुझ्या नावात हाय तेवढीच, असं आबाच म्हणत.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात दोन गोष्टी झाल्या. बागेच्या जागी शाळेची नवी खोली बांधायचं ठरलं, आणि आबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. कडेचं दिसायचं बंद झालं. समोरचं तेवढं दिसे, तेही नळीतून पाहिल्यासारखं. गेलेली नजर परत येत नाही, आणि आहे तीही वर्षा-दोन वर्षांत जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी दौंडहून भेटायला गेले, तेव्हा आबा शेवंतीच्या बुडाशी फुटलेले कोंब काढत बसले होते. आम्ही त्यांना काश्या म्हणतो, लावायच्या त्याच. ओल्या गोणपाटात गुंडाळून त्यांनी त्या माझ्या मांडीवर ठेवल्या.

"सांभाळ," ते म्हणाले. "आन् माझं डोळं हायेत तवर येकदा नाताळाला फुलवून दाव. मला न्हाई जमलं."

मी म्हटलं, दावते. म्हणायला काय जातं? एस.टी.त वाटेतलं न्हावरं येईपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की पस्तीस वर्षं मातीत हात घातलेल्या माणसाला जे जमलं नाही, ते मी दावते म्हणून आले आहे.

माझे यजमान दावीदराव दौंडच्या यार्डात रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. आमचं क्वार्टर ओळीतलं शेवटचं. मागे अंगण, अंगणाला कमरेएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे रूळच रूळ. भिंतीच्या कडेनं मी तीस काश्या लावल्या. ओळीच्या एका टोकाला पाण्याची लोखंडी टाकी होती, तिच्या आडोशाला त्यातल्या सात आल्या. शेणखत घातलं, शेंडे खुडले, आबांनी शिकवलं होतं ते सगळं केलं. श्रावणात रेल्वेनं भिंतीपलीकडे उंच खांबावर एक मोठा दिवा लावला. दिवेलागणीला लागायचा तो उजाडेपर्यंत जळायचा. अंगणात बसून सुईत दोरा ओवावा इतका उजेड. मला फार आनंद झाला. फुकटची बत्ती कुणाला नको असते?

दसरा आला, दिवाळी आली. टाकीजवळची सात झाडं फुलली. बाकीची तेवीस माझ्या कमरेपर्यंत वाढली, हिरवीगार झाली, पण एका झाडाला कळी म्हणून नाही. भीमेच्या काठचे सोपानराव रोज सकाळी सायकलवर भाजी घेऊन आमच्या कॉलनीत येत. दसऱ्याचा झेंडू ते स्वतः पिकवत, म्हणून मी त्यांना बोलावून झाडं दाखवली. त्यांनी एक पान चुरगाळून वास घेतला आणि सांगितलं की खत जास्त झालंय, माजलीत, कापून शेळीला घाला. पुढचे चार दिवस मी त्यांच्याकडून वांगंसुद्धा घेतलं नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी चर्चमध्ये महिला मंडळाची बैठक होती. नाताळाची फुलं दरवर्षी हेलनबाई पुण्याहून मागवत. त्या हेडक्लार्कांच्या पत्नी, पुण्याच्या माहेरवाशीण, आणि ते त्या कुणाला विसरू देत नसत. यंदाही पुण्याहूनच मागवू, असं त्या म्हणाल्या. इंजिनांच्या धुरात दौंडला काय फुलणार, हेही वर म्हणाल्या.

"यंदा फुलं माझ्या अंगणातली," मी म्हणाले.

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. हेलनबाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं, की कृपाबाई, तुमची शेवंती तर फुललीच नाही ना? कॉलनीत काही लपत नाही. मी म्हटलं, नाताळाला फुलेल. टाकीजवळच्या झाडांवर जी फुलं होती ती तर त्या आठवड्यातच संपणार होती. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही.

त्या संध्याकाळी मी मागच्या पायरीवर स्वतःला शिव्या देत बसले होते. पलीकडचा दिवा लागला आणि टाकीची सावली अंगणात पडली. माझी नजर सहज त्या सावलीच्या कडेवर गेली. फुलं होती ती सगळी सावलीत. सावली संपली तिथे फुलं संपली. मी उठून जवळ गेले. कडेचं एक झाड अर्धं सावलीत, अर्धं उजेडात होतं. त्याच्या सावलीतल्या फांद्यांना फुलं होती आणि उजेडातल्या फांद्या कोऱ्या होत्या. एकाच झाडाच्या, एकाच खतावरच्या.

खत नव्हे, माज नव्हे, कुणाची नजर नव्हे. झाडांना रात्रच मिळत नव्हती. आणि मग दुसरा विचार आला. सात झाडं अंधारात राहिली म्हणून दिवाळीला फुलली. तेवीस उजेडात अडून राहिलीत. म्हणजे त्यांचा सण कधी करायचा ते आता माझ्या हातात आहे. आबांच्या बागेत दिवा नव्हता, म्हणून त्यांना ते पस्तीस वर्षांत कळायची सोय नव्हती. नाताळाला दोन महिने उरले होते. कळी धरून फूल उमलायला किती दिवस लागतील याचा नेम नव्हता, पण आज नाही तर मग कधीच नाही, एवढं कळत होतं.

यजमान ड्यूटीवरून आल्यावर मी त्यांना सांगितलं, तो दिवा बंद करवा. ते जेवता जेवता हसले.

"दिवा रेल्वेचा हाय, तुज्या बापाचा न्हाई."

"झाड माज्या बापाचं हाय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मालधक्क्यावरची फाटकी पोती आणवली, दाभण आणि सुतळीनं ती एकमेकांना जोडली आणि भिंतीला लागून बांबू रोवले. दिवेलागणीला पोती चढवायची, उजाडल्यावर उतरवून गुंडाळायची. एक दिवस चुकवायचा नाही. कॉलनीला करमणूक झाली. कृपाबाई झाडांना निजवते, अंगाई म्हणते, अशा गोष्टी निघाल्या. सोपानरावांनी विचारलं, झाडांना थंडी वाजते का, एखादी घोंगडी पाठवू का? पाठवा, मी म्हटलं, भोकं नसलेली बघून पाठवा.

पंधरा दिवस गेले, वीस गेले. झाडं होती तशीच. शिरूरहून भावाच्या हातचं कार्ड आलं. आबांच्या उजव्या डोळ्याचं आणखी कमी झालं होतं. नाताळाच्या आदल्या दिवशी एस.टी.नं येतायत, आणि शेवंतीचं काय झालं ते विचारलंय. मी उत्तर लिहिलं नाही. काय लिहिणार? रोज पोती चढवताना मी देवाशी भांडत होते. त्याच्या जन्माचा सण, त्याच्यासाठी फुलं, आणि त्याला काडीची घाई नव्हती.

त्यातच मला ताप भरला. पहिल्या दिवशी दिवेलागणीला उठायला गेले तर भिंत फिरली. यजमान बारा तासांची ड्यूटी करून नुकते टेकले होते. पडून राहा, म्हणाले, आणि स्वतः बाहेर गेले. प्रत्येक गाठीला त्यांनी रेल्वेचा, गोणपाटाचा आणि माझ्या माहेरचा उद्धार केलेला मला आतून ऐकू येत होता. चारही दिवस त्यांनी पोती चढवली. पाचव्या सकाळी उतरवायला गेले ते बराच वेळ आत आले नाहीत. मग दारात उभे राहून हळू म्हणाले, "ऊठ. बघ तर."

शेंड्याशेंड्याला मिऱ्याएवढ्या कळ्या. मी एका झाडाच्या मोजल्या, दुसऱ्याच्या मोजल्या, तिसऱ्याला डोळे भरून आले आणि मोजता येईना. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. हे मी यजमानांना सांगितलं, तर ते म्हणाले, मलाबी.

त्या दिवसापासून अंगणाचं दार लावून घेतलं आणि भिंतीवरची पोती दिवसासुद्धा अर्धी टांगलेलीच ठेवली, बाहेरच्यांना दिसू नये म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची. विचारलं तर मी नुसता चेहरा पाडायची. चेहरा पाडणं मला कठीण गेलं, पण केलं.

तेवीस तारखेला हेलनबाई आल्या. पुण्याला निरोप धाडायची ती शेवटची गाडी होती, म्हणून एकदाचं काय ते विचारायला आल्या होत्या. चर्चच्या अब्रूचा प्रश्न आहे, म्हणाल्या. मी मागचं दार उघडलं. तेवीसच्या तेवीस झाडं फुललेली. पांढरी, मुठीएवढी फुलं, पानं दिसत नव्हती इतकी. हेलनबाई पायरीवरच थांबल्या. मी कितीतरी दिवस काय काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेना.

"अंबाड्यापुरतं एक मिळेल का, कृपाबाई?" त्यांनी विचारलं.

मी दिलं. खोटं कशाला सांगू, कुठलं द्यावं ते शोधण्यात मी उगीच थोडा वेळ लावला. पण दिलं ते सगळ्यांत मोठं दिलं.

चोवीसला दुपारी यजमानांनी आबांना स्टँडवरून आणलं. नाताळाचा ओला वाटाणा घेऊन सोपानरावही तेव्हाच दारात आले होते. मी आबांचा हात धरून त्यांना मागे नेलं. नळीतून बघायचं म्हणजे एका वेळी एकच फूल. आबा एकेका फुलासमोर वाकले, नाक लागेल इतक्या जवळून बघत पुढे सरकले. पहिल्या झाडापासून शेवटच्यापर्यंत. शेवटी ते सरळ झाले, टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"शेवंती बाटली म्हन की गं," आबा म्हणाले.

सगळ्यांत मोठ्यानं सोपानराव हसले. मग सायकल भिंतीला टेकवून आत आले, एक फूल हातात धरून बघितलं, आणि शेळीची गोष्ट मागे घेतो, म्हणाले.

"बाटलं कशाचं, आबा? दिवाळीला बी सात झाडं आलीच हुती की. दोन घरचा पाव्हना उपाशी म्हंत्यात, ह्यो तर दोन्हीकडं जेवला."

नाताळाच्या सकाळी फुलं चर्चमध्ये आबांनीच नेली. दोन टोपल्या यजमानांनी धरल्या, पण वेदीपुढचा मोठा गुच्छ आबांच्या हातात होता. मधली वाट सरळ, त्यामुळे त्यांना कुणाच्या हाताची गरज पडली नाही. गुच्छ ठेवून ते माघारी वळले आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले. शिरूरलाही ते तिथेच बसत. माळ्याच्या पायाला चिखल असतो, म्हणत. नाताळाला नवं धोतर नेसले तरी जागा तीच. मी चिडून त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

गीतं झाली, उपदेश झाला. मग पाळकांनी सूचनांचा कागद काढला. तो दरवर्षीचाच असणार, त्यांनी तो वाचून टाकला. सुंदर फुलं पुण्याहून आणल्याबद्दल नेहमीप्रमाणे हेलनबाईंचे आभार. माझं रक्त असं उसळलं की मी बाकाची कड धरली. उठणारच होते. पण माझ्याआधी पुढच्या ओळीत हेलनबाई उठल्या. त्यांच्या अंबाड्यात माझं फूल होतं.

"पाळकसाहेब, फुलं पुण्याची नाहीत," त्या म्हणाल्या, आणि मागे वळून त्यांनी बोट दाखवलं. "शिरूरच्या येशुदासआबांची आहेत. दौंडला कृपाबाईंनी फुलवली. आबा मागे बसलेत."

सगळं चर्च मागे वळलं. पाळकांनी कागद खाली ठेवला आणि आबांना उभं राहायची विनंती केली. आबा उठले. पस्तीस वर्षं शेवटच्या बाकावर बसलेल्या माणसाला आपल्याकडे कुणी पाहत असेल असं वाटत नाही. ते नुसते समोर, वेदीवरच्या फुलांकडे बघत राहिले. उजवीकडच्या बाकांवरची माणसं त्यांच्याकडे बघून हसत होती, डावीकडच्या बायका उभ्या राहिल्या होत्या, पण कडेचं त्यांना दिसत नव्हतं.

म्हणून मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना आधी उजवीकडे वळवलं, मग डावीकडे, सगळे दिसेपर्यंत.