मानसिंगच्या नावाचा भंडारा

खंडोबाची आन, यातला शबुद न् शबुद खरा हाय. खोटं निघालं तर माजी कवळी गळून पडू दे.

मोठा दुष्काळ सरला आन तासगावाजवळच्या आमच्या गावात सिनेमाची कंपनी आली. खुर्चीला हपापलेल्या सरपंचाचा पिच्चर. सरपंच व्हणारा नट सातारला जुलाबानं आडवा पडला, मग डायरेक्टरनं आमच्याच मानसिंगला हुबा केला. मिशा तेवढ्या कामाच्या हुत्या.

शीन असा, की सरपंच सगळ्या गावाला देवळात बेल-भंडारा उचलाया लावतो, मत मलाच देनार म्हणून. पिच्चरमधलं नाव आमच्या तोंडात बसंना. डायरेक्टर म्हणाला, कायबी नाव घ्या, आवाज मागनं भरायचा हाय. आमी मानसिंगचंच घेतलं. भंडारा मातुर कोंडीबा गुरवानं देवापुढचा खरा दिला. देवळात खोटा कसा चालंल, म्हणाला. आमी उचलला तवा देवाच्या दगडी घोड्यानं मान फिरवली. ह्या डोळ्यांनी बघितलं.

वरसानं पंचायतीची निवडणूक आली. आमचं मालक हुबं ऱ्हायलं, खालच्या आळीला नळ आणायचा म्हणून. आमी बाया नदीवरनं पाणी वाहायचो, समदं गाव मालकांकडनं. समोर मानसिंग. सिनेमातला फेटा त्यानं माघारी दिलाच न्हवता. भाषण न्हाई, काय न्हाई. हात जोडून आमच्या दारात आला.

"वैनी, भंडारा उचललाय न्हवं?"

"आवं भावजी, ते नाटक हुतं."

"देवाला म्हाईत हाय व्हय ते?"

माज्या कडंवर ल्योक हुता. त्याच्या डोक्यावर मानसिंगनं हात ठेवला, आन गेला.

शिक्का मारताना मालकांच्या चित्रावर हात गेला, आन माघारी आला. समद्या गावाचा तसाच आला. नळ बी आला, मानसिंगच्या मळ्यापातुर.

पिच्चर सांगलीत लागला तवा गाव यष्टीनं गेलं. पडद्यावर तोंडं आमची हलत्यात, आन आवाज भलत्याच नावाचा. शेवटाला गाव सरपंचाला गाढवावर बसवून हाकलतं. टाकीजात सगळ्यात मोठी शिट्टी मानसिंगची.

मालकांनी हळूच इचारलं, "मग भंडारा कुनाच्या नावाचा उचलला गं तुमी?"

मी कोंडीबाला जाऊन इचारलं, भंडारा सुटतो कसा. ज्याच्या नावाचा त्यानंच सोडायचा, म्हणाला.

मानसिंग कशाला सोडतोय. दर निवडणुकीला तोच फेटा, तेच हात जोडणं. घागर अजून माज्याच डोक्यावर.

कवळी हलाया लागली, म्हणून सांगते. घोड्याची मान तेवढी माज्या पदरची. त्यो बी आमच्यावानीच गप समोर बघत हुबा हुता.