परत वाच

सुगंधाबाईंचा माणसांवर विश्वास नव्हता असं नाही. कागद घेऊन येणाऱ्या माणसांवर नव्हता. मग तो पोटचा पोर का असेना.

मुलुंडची त्यांची जुनी बिल्डिंग पाडून तिथं टॉवर उठायचा होता. करारनामा बासष्ट पानांचा. मुलगा सुबोध वरच्या सात नंबरात राहायचा, सोसायटीचा सेक्रेटरी. त्यानं तो आईला घरीच वाचून दाखवला. वाचून होईस्तोवर चहाला उकळीसुद्धा फुटली नाही.

"झालं? एवढंच?"

"एवढंच गं. रविवारी मीटिंगमध्ये सही कर."

चौथीतून शाळा सुटलेली बाई, पण कान बहिरे नव्हते. तळमजल्याची खोली नवऱ्यानं गिरणीत घाम गाळून घेतलेली, आणि होती त्यांच्या एकटीच्या नावावर. पोरगा घाई करतोय तर कुठंतरी पाणी मुरतंय.

विरजण मागायच्या निमित्तानं त्या शेजारी एलियाकाका पेझारकरांकडे गेल्या. काका बेने इस्रायली ज्यू, अलिबागकडचे.

"काका, तुमच्या सिनेगॉगमध्ये ती पवित्र ग्रंथाची गुंडाळी वाचतात, त्यात कुणी मधलं गाळत नाही?"

"गाळून तर बघू दे! एक शब्द चुकला तरी लोक जागेवरून ओरडतात. वाचणाऱ्यानं गुमान परत वाचायचं. ओळीला बोटही लावायचं नाही, चांदीची काडी फिरवायची."

"म्हणजे तुमचाही भरवसा नाहीच."

"शब्दावर आहे, जिभेवर नाही. पूर्वी परमुलखातून परतलेले आमचे लोक चौकात जमले होते. बायका, पोरं, सगळी. शास्त्री लाकडी मचाणावर चढला आणि उजाडल्यापासून दुपारपर्यंत वाचत राहिला. बाजूचे अर्थ फोडून सांगत होते. अर्थ कळला तशी माणसं रडायला लागली."

"देवाचं ऐकून रडायचं कशाला?"

"आपण काय काय मोडलं ते कळलं ना."

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. सुगंधाबाईंनी मधोमध चौरंग ठेवला. "चढ. पहिल्यापासून वाच."

"आई, काय तमाशा आहे यार!"

"चढ म्हणते ना! काका, तुम्ही दुसरी प्रत घेऊन बाजूला उभे राहा."

लोक हसले. मग चार नंबरची अनुपमा खुर्ची पुढे ओढून बसली, कारण वाचलं तिनंही नव्हतं.

काका बायकोची विणायची सुई ओळीओळीवरून फिरवत होते. एकेचाळिसाव्या पानावर सुई थांबली.

"परत वाच."

"वाचलं की."

"एक कलम राहिलं."

"पानं चिकटली होती."

"थुंकी लाव," सुगंधाबाई म्हणाल्या.

सुबोधनं वाचलं. तळमजल्याची खोली क्रमांक दोन ही फ्लॅट क्रमांक सातमध्ये सामील. नव्या इमारतीत तिच्यासाठी वेगळं घर नाही. दोन्हींचा मिळून एकच मालक, सुबोध.

सुबोध चौरंगावरूनच आईकडे वळला.

"तू आमच्यातच राहणार ना गं, आई? वेगळं दार कशाला हवं?"

"राहीन की. पण रुसले तर जाऊ कुठं? तुझ्याच बेडरूममध्ये?"

सुबोधचे डोळे भरले. सुगंधाबाईंचे कोरडे होते. त्यांनी काही मोडलं नव्हतं. हातातलं सहीचं पेन त्यांनी त्याच्याच खिशात खोचलं.

"उतरू नकोस. एकवीस पानं राहिलीत. पाणी पी, आणि वाच."